काहीच न येणाऱ्या बाई

आमच्या बाईंना काहीही येत नसे. हे माझं मत नाही. त्यांच्या वर्गातलं प्रत्येक पोर घरी जाऊन हेच सांगायचं, आणि तेही मोठ्या काळजीने. पनवेलला लाइन आळीच्या मागे एका ट्रस्टची बालवाडी आहे, तिथे बाई मोठ्या गटाला शिकवायच्या. म्हणजे बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. आत चालायचं ते वेगळंच.

सकाळी बाई दारातच थांबून विचारायच्या, "सुटली का रे शाळा? जाऊ मी घरी?"

"नाऽऽय!" सगळा वर्ग एकदम. "आत्ताशी भरतेय!"

"अगं बाई! मग आता काय करायचं असतं?"

की पोरं सरसावलीच. आधी चपला काढायच्या, मग डबा त्या कोपऱ्यात ठेवायचा, मग गोल करून बसायचं. बाई चपला न काढताच डबा उचलायच्या, की पुन्हा गिल्ला. कुणी त्यांचा हात धरून नेतंय, कुणी पायातली चप्पल ओढतंय, कुणी जमिनीवर थोपटून "इथं बसा, इथं" म्हणतंय. या सगळ्या धांदलीत पोरं स्वतः कधी चपला काढून गोलात येऊन बसायची ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही. बाईंच्या तोंडून "बसा" हा शब्द मी कधी ऐकलाच नाही. शेजारच्या लहान गटात मात्र त्याच वेळी "बसा, बसा, अरे बसा ना" असा आमच्या दुसऱ्या बाईंचा घसा कोरडा पडत असायचा.

मधल्या सुट्टीत बाई केळं सोलायच्या, सोललेलं केळं कचऱ्याच्या डब्यावर धरायच्या आणि साल तोंडाकडे न्यायच्या. रोज नाही हं. महिन्यातून एखाद्या वेळी, पोरं गाफील असताना. मग जी झडप पडायची! एकदा एका पोराने केळं वाचवण्याच्या नादात बाईंचं बोटच चावलं. बाई बोटावर फुंकर मारत म्हणाल्या, "बघ, किती तळमळ आहे."

मी तिथे मदतनीस म्हणून लागले तेव्हा माझ्याकडे डी.एड. होतं, बालशिक्षणाचा डिप्लोमा होता आणि रंगीत पुठ्ठ्यांनी भरलेली भलीमोठी पिशवी होती. बाईंनी मला समोरच्या बुटक्या खुर्चीत बसवलं. गुडघे हनुवटीला लागत होते.

"तुला काय काय येतं?" त्यांनी विचारलं.

मी सांगत सुटले. बाहुलीनाट्य येतं, कागदकाम येतं, अभिनयगीतं येतात, मुलांचं निरीक्षण कसं नोंदवायचं ते येतं. बाईंचा चेहरा उतरत चालला.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "एवढं सगळं? मग पोरांनी काय करायचं?"

मी पिशवीकडे बघितलं. त्यांनाच माझी दया आली असावी. आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं, न येणारं असं काही आहे का? आठव, आठव. काहीतरी असेलच."

"पोळ्या गोल येत नाहीत," मी म्हटलं. खरं तेच सांगितलं; सासूबाईंना विचारा हवं तर.

बाईंनी टाळीच वाजवली. "मग झालं तर! उद्यापासून ये."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरंच कणीक मळून आणली, पोळपाट-लाटणं आणलं आणि वर्गात जाहीर केलं की या नव्या ताईंना पोळी येत नाही, काय करायचं? मला वाटलं, पहिल्याच दिवशी माझी शोभा झाली. पण ती पोरं जी कामाला लागली! "ताई, जोर नका लावू." "ताई, पीठ लावा ना, चिकटतंय." "माझी आजी अशी फिरवते, बघा." एकीने तर माझ्या हातावर हात ठेवून लाटणं फिरवलं. दुपारपर्यंत सगळ्यांनी मिळून जी काही पोळी केली तिचा आकार कुठल्याही भूमितीत बसणारा नव्हता, पण वर्गातल्या प्रत्येकाला माझं नाव पाठ झालं होतं आणि मला त्यांचं. डिप्लोमात याला महिना लागेल असं शिकवलं होतं.

बाईंचा सगळा सिद्धांत मला एकदा चहा पिताना कळला. पोरं गेली होती, समोरच्या टपरीवरून दोन कटिंग आले होते. मी धीर करून विचारलं, "बाई, हे सगळं तुम्ही कुठे वाचलंत?"

"वाचायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या. "अगं, चार वर्षांच्या पोराला दिवसभर सगळे शिकवत असतात. आई शिकवते, बाप शिकवतो, आजी शिकवते, आता तर मोबाईलपण शिकवतो. हे असं नाही, तसं नाही, हात धू, नीट बोल. बिचाऱ्याला स्वतः शिकवायला म्हणून कुणी मिळत नाही. कुणीतरी एक नको का त्याच्यापेक्षा कमी येणारं? म्हणून मी बसलेय इथे."

ऐकायला सोपं वाटतं, नाही? मलाही वाटलं. मी लगेच दुसऱ्या दिवशी वर्गात म्हटलं, "मुलांनो, सूर्य रात्री उगवतो." कुणी हूं की चूं केलं नाही. आफरीन नावाची एक चुणचुणीत मुलगी होती, तिच्या आजीचं कापडबाजारात दुकान आणि वडील कतारला. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "ताई, तुमी मुद्दाम करताय."

बाई मागे बसून पदर तोंडाला लावून हसत होत्या. नंतर माझी शाळा घेतली. "तू नाटक करतेस. चूक करताना चेहरा कसा पाहिजे? बँकेतल्या साहेबासारखा. एकदम खात्रीचा. आणि चूक ताजी पाहिजे गं, बाजारातल्या मासळीसारखी. शिळी पोरांना लांबूनच कळते." बाई आपल्या चुका घरून तयार करून आणायच्या. शाळेत येताना रस्त्याने पुटपुटत असायच्या. एक चूक पुन्हा वापरायच्या नाहीत, निदान त्या वर्षात तरी. गायीचे पाय तेवढे त्यांच्या खास जिव्हाळ्याचे, ते कधी तीन व्हायचे, कधी सहा. पोरं गाय काढून आणायची, पाय मोजून दाखवायची. बाई मोजायच्या: एक, दोन, शेपूट धरून तीन. "शेपूट नाय धरायची बाई!" पोरं कपाळावर हात मारायची.

पण एक होतं. काही बाबतींत बाई कधी चुकत नसत. रस्ता, आगपेटी, विजेचं बटण, आणि कुणाला लागलं-खुपलं तर. एकदा फाटकातून पाण्याचा टँकर मागे येत होता आणि एक पोर चेंडूमागे धावलं. बाई नुसतं "थांब!" म्हणाल्या. ते पोर तर थांबलंच, आख्खा वर्ग आणि मीसुद्धा जागच्या जागी थिजले. हा आवाज खरा आहे हे पोरांना बरोबर कळायचं. कुणाला आईची आठवण येऊन हुंदका फुटला, तर बाई त्याला मांडीवर घेऊन बसायच्या आणि तेव्हा एक शब्द चुकीचा बोलायच्या नाहीत.

पालक मात्र वैतागायचे, आणि त्यांचं काय चुकलं म्हणा? करंजाड्याच्या एका टॉवरमधली आई तणतणत आली. "मॅम, अन्वी घरी येऊन म्हणते, आमच्या बाई ढ आहेत. आय मीन, हे काय आहे?"

"ढ?" बाईंचे डोळे चमकले. "कशात ढ म्हणाली? आकड्यांत की रंगांत?"

"कशात म्हणजे?"

"नाही, रंगांत म्हणाली असेल तर बरं झालं. आठवडाभर त्याच्याच मागे आहे मी. आणि म्हणाली कशी? चिडून की काळजीने?"

त्या आईने जरा आठवून बघितलं. "काळजीने. म्हणजे सकाळी म्हणाली, मम्मा लवकर चल, बाईंना रंग शिकवायचेत." एवढं बोलली आणि तीच थांबली. जूनमध्ये हीच अन्वी फाटकाला मिठी मारून रडायची, आत यायची नाही. आईने पर्स खांद्यावर सरकवली, "ओके, मॅम" म्हणाली आणि गेली. बाई मला म्हणाल्या, "ढ म्हणाली गं मला!" जसा काही सत्कारच झालाय.

बाईंचा मुलगा उलव्याला राहतो. तेव्हा तो सारखा मागे लागलेला असायचा की आई, आता बस झालं, आमच्याकडे ये. बाई दोन दिवस जायच्या आणि परत यायच्या. "तिथे सगळी मोठी माणसं," त्या सांगायच्या. "मी म्हटलं, अरे, समोर एवढं काय बांधतायत, बोट ठेवायला का? तर सुनेने डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली." विमानतळाचं काम तेव्हा ऐन भरात होतं, सगळ्या जगाला ते माहीत होतं. बाईंना चुकायची इतकी सवय जडली होती की घरीदारीही राहवायचं नाही. भाजीवालीला त्या दुधीला पडवळ म्हणायच्या, नुसतं ती काय म्हणते ते बघायला. लाइन आळीतल्या एका खोलीत त्या एकट्याच राहायच्या आणि शाळा हेच त्यांचं घर, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

आता शेठकडे येते. आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष म्हणजे शेठ. मूळचे बेलपाड्याचे आगरी, जमिनीचं सोनं झालेले, मग इमारती बांधणारे. माणूस दिलदार. शाळेची इमारत त्यांच्याच पैशांनी उभी राहिली. स्वतःचं शिक्षण अर्ध्यात सुटलेलं, म्हणून शाळा या गोष्टीवर त्यांचा भारी जीव. नातू रुद्रला त्यांनी मोठ्या इंग्लिश शाळेत न घालता आधी आपल्या बालवाडीत घातला, लोकांना दाखवायला. आणि तिथेच घोळ झाला.

त्यांच्या घरी कुणी बडे पाहुणे जेवायला आले होते. शेठ आपल्या शाळेचं कौतुक सांगत होते. रुद्र ताटावरून मान वर करून म्हणाला, "आमच्या बाईंना गायीचं पाय मोजता येत नाय." पाहुणे हसले. हे मला शेठनीच सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी, फाटकातून आत येता येता. सांगताना त्यांचे कान लाल झाले होते.

"बाई," वर्गाच्या दारात उभं राहून ते म्हणाले, "आमचा नातू बोलतो ते खरं हाय का?"

"खरंय, शेठ," बाई म्हणाल्या. "तोच शिकवतोय मला. छान शिकवतो हो."

"आमी शाळा बांधली ती पोरांनी शिकावं म्हनून. बाईला शिकवायला नाय बांधली!"

"पण शेठ, दुसऱ्याला शिकवताना..."

"मला नका समजावू. पोरांना खोटं शिकवता तुमी."

"खोटं नाही, चुकीचं," बाई म्हणाल्या. "खोटं माणूस चोरून बोलतो. मी तर सगळ्यांसमोर चुकते."

शेठ असल्या बारकाव्यांत पडणारे नव्हते. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं: येत्या शनिवारी ते येणार, चार पालकांनाही बोलावणार. बाईंनी त्यांच्यासमोर वर्ग घ्यायचा, नीट, सगळं बरोबर. जमलं तर ठीक. "नाय जमलं तर बाई, तुमची सुट्टी. नवीन म्याडम बघून ठेवलीय मी. तिला सगलं येतं."

त्या दिवशी बाईंनी केळं सरळ खाल्लं. पोरं डब्यातून मान वर करकरून बघत होती.

दुपारी वर्ग रिकामा झाल्यावर बाई त्या बुटक्या खुर्चीत येऊन बसल्या, मला समोर उभं केलं आणि म्हणाल्या, "मला शिकव."

"काय शिकवू?"

"बरोबर शिकवायला शिकव. तू शिकून आलीयस ना? आण तुझी ती पिशवी."

हसू नका, पण ते चार दिवस मी बाईंना शिकवलं. मी गायीचं चित्र धरायचे, बाई म्हणायच्या, "ही गाय आहे. गायीला..." आणि थांबायच्या. ओठ थरथरायचे. मग फस्सकन हसू फुटायचं. पुन्हा पहिल्यापासून. "गायीला चार पाय असतात" हे एक वाक्य त्यांना सरळ चेहऱ्याने बोलता येईपर्यंत गुरुवार उजाडला. "किती लाज वाटते गं," त्या म्हणाल्या, "सगळं माहीत असल्यासारखं बोलायला." मी रागावले. म्हटलं, "बाई, थट्टा नाहीये ही. ते खरंच काढतील तुम्हाला." त्यांचं हसू एकदम गेलं. "माहितेय मला," त्या म्हणाल्या. "म्हणून तर बसलेय." त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. बाई घाबरलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा बघितल्या, आणि मला अजिबात आवडलं नाही ते.

शनिवारी बाई इस्त्रीची साडी नेसून आल्या. दारात थांबल्या नाहीत, शाळा सुटली का विचारलं नाही, सरळ फळ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मागे शेठ, त्यांच्या बाजूला पालक, त्यात ती अन्वीची आईही. सगळे त्या बुटक्या खुर्च्यांवर कसेबसे मावलेले. पोरं नेहमीसारखी काय करायचं ते सांगायला तयार होती आणि त्यांना कुणी विचारतच नव्हतं. मीच त्यांना "बसा, बसा" म्हणत बसवलं.

"मुलांनो, ही गाय आहे," बाई म्हणाल्या. "गायीला चार पाय असतात."

पोरं वाट बघत राहिली. आता शेपूट येईल, मग शिंगं येतील. काहीच आलं नाही.

"गाय दूध देते. गाय गवत खाते."

शेठ मान डोलवत होते, खूश होते. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. रुद्रला राहवलं नाही. त्याला वाटलं बाईंना पुढचं आठवत नसेल, म्हणून बिचाऱ्याने हळूच मदत केली. "बाई, गाय अंडं पन देते ना?"

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. मी मनात म्हटलं, बाई, नको. "नाही, रुद्र," त्या म्हणाल्या. "अंडं कोंबडी देते. गाय देत नाही."

झालं! आफरीन उठली. तरातरा पुढे गेली, बाईंचा पदर ओढून त्यांना खाली वाकवलं आणि कपाळाला हात लावला. मग वर्गाकडे वळून जाहीर केलं, "बाईंची तबियत ठीक नाय."

त्यानंतर जे झालं ते थांबवणं माझ्या हातात नव्हतं. एकाने सतरंजी ओढली, दोघींनी बाईंना तिच्यावर बसवलं. अन्वी माझ्या रंगीत पुठ्ठ्याने वारा घालायला लागली. आफरीनने पाण्याचा पेला आणला, आजी घरी करते तसं त्यावर काहीतरी पुटपुटली, तीनदा फुंकलं आणि बाईंच्या तोंडाला लावला. रुद्रने खडू मुठीत धरून बाईंच्या तोंडावरून ओवाळला, "आल्यागेल्याची, पापी मानसाची" असं काहीतरी म्हणत दृष्ट काढली आणि तो खडू खिडकीबाहेर फेकून दिला. एका मुलीने मागे येऊन शेठना सांगितलं, "मोबाईल बंद करा. आवाज नका करू. बाई आजारी हायत." शेठनी केला बंद! एरवी घरी पाण्याचा पेलाही हातात द्यावा लागणाऱ्या या पोरांकडे त्यांच्या आया बघत राहिल्या होत्या.

बाई म्हणत होत्या, "अरे, बरी आहे मी, बरी आहे." पण कुणाचाच विश्वास बसेना. आफरीन समोर मांडी घालून बसली आणि डॉक्टरीण बोलते तशा आवाजात म्हणाली, "मग सांगा. हे कोण?" आणि तिने बोट केलं थेट शेठकडे.

सगळा वर्ग पुढे सरकला. शेठही पुढे वाकले. मी बाईंकडे बघत होते. त्यांना काय बोलायचं होतं ते मला माहीत होतं: हे आपल्या शाळेचे माननीय अध्यक्ष. पाच शब्द. बोलल्या असत्या तर वर्ग वाचला असता. पण समोर ती सगळी तोंडं, एकेक एवढंएवढंसं झालेलं. अन्वीचा तर ओठ रडायला आलेला. बाईंनी शेठकडे बघितलं, मग पोरांकडे बघितलं. आणि एकदम बँकेतल्या साहेबाच्या खात्रीने म्हणाल्या, "हे ना? हे आपला नळ दुरुस्त करायला आलेत."

"नाऽऽऽय!"

छप्पर उडालं असतं. पोरं उड्या मारत होती, एकमेकांना मिठ्या मारत होती, बाई बऱ्या झाल्या, बाई बऱ्या झाल्या! आणि मग सगळ्यांनी मिळून त्यांना शेठ शिकवायला घेतले. "हे रुद्रचे आजोबा!" "ह्यांनी आपली शाळा बांधली!" "ह्यांची पांढरी गाडी हाय!" "ते शेठ हायत, बाई, नळवाले नाय, नळवाले बारीक हायत!" बाई प्रत्येकाला विचारत होत्या, नक्की ना? कशावरून? आणि पोरं पूर्ण पूर्ण वाक्यांत पटवून देत होती. मागे पालक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते.

शेठ हसत नव्हते. ते उठले.

"बास," ते म्हणाले, आणि वर्ग गप्प झाला. "बाई, मी बोललो होतो तुमाला. एवड्या लोकांसमोर... सोमवारपासून येऊ नका."

बाई सतरंजीवरून उठल्या. पदर सावरला. नुसती मान हलवली. त्या क्षणी मला शेठचा असा काही राग आला, काय सांगू! मी तोंड उघडणार होते, पण माझ्या आधी रुद्र पुढे झाला. तो रडत नव्हता. आजोबांचा हात धरून, मोठ्या माणसाला बाजूला घेऊन समजावतात तसं तो म्हणाला, "आजोबा, असं नका करू. बाईंना काय पन येत नाय. त्यांना दुसऱ्या शाळेत कोन घेल?"

शेठनी हात सोडवून घेतला नाही.

"आमी शिकवतोय ना त्यांना," रुद्र म्हणाला. "तुमी काडलात तर त्या जातील कुठं?"

"आणि आत्ताशी त्यांना थोडं थोडं यायला लागलंय," आफरीनने भर घातली. "आता सोडून कसं चालेल?"

अन्वीच्या आईने रुमाल काढला. शेठ त्या बुटक्या खुर्चीवर परत बसले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मग घसा खाकरला. बाईंकडे न बघता पोरांनाच म्हणाले, "बरं. तुमची जबाबदारी हाय ती मग. नीट शिकवा बाईला. मधेच सोडायचं नाय."

"नाय सोडनार," वर्ग म्हणाला.

शेठ गेले, पालक गेले, रिक्षा आणि व्हॅन भरून पोरं गेली. जाताना प्रत्येकाने बाईंना बजावलं, घाबरू नका, सोमवारी येतोच. मी सतरंजी गुंडाळत होते, मला हसू आवरत नव्हतं. म्हटलं, "बाई, वाचलात! काय बोलला हो तो रुद्र, दुसरीकडे कोण घेईल म्हणे!"

बाई खिडकीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. वळल्या तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसतही होत्या.

"तो चुकला नाही गं," त्या म्हणाल्या. "मला खरंच दुसरीकडे कुणी घेतलं नसतं."

मी सतरंजी खाली टाकली आणि त्यांना घट्ट मिठी मारली.